मंजुरी

छकुली पुन्हा रडायला लागली आणि तिच्या आईने न वाचताच स्क्रीनवरचं ‘मंजूर’ दाबलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. कामांची रांग संपली तशी ती धावत पाळण्यापाशी गेली.

सासूबाई आधीच पोहोचल्या होत्या. “अगं, आत्ता तर डोळा लागला होता हिचा.”

“दचकली का?”

“दोन्ही हात फेकून. कुणी ढकलून दिल्यासारखी.” त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं. “रविवारी बघ कशी गुणी असते. तू कॉम्प्युटर उघडलास की हिचं भोकाड सुरू.”

“म्हणजे माझ्यामुळे?”

“मी कुठे तसं म्हटलं? तुझा तो मुकादम बरा बाई, त्याला ना झोपवावं लागत, ना पाजावं लागत.”

मुकादम हे तिनेच ठेवलेलं नाव, पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. घरोघरच्या आजारी माणसांना औषधं पोहोचवायचं काम एआय एजंटांची एक टोळी करायची. एक रुग्णांना फोन करायचा, एक साठा बघायचा, एक गाड्या पाठवायचा. सगळ्यांवर मुकादम. पण माणसाच्या होकाराशिवाय कुठलंही पाऊल उचलायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. तो माणूस म्हणजे ती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी छकुलीला वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा पुन्हा एकदा पाहिला.

“परत उतरलंय?”

“झोपच पुरत नाही हिला. घरात आवाज? भांडणं?”

“नाही हो. तळहातावरच्या फोडासारखं जपतो.”

“तुम्ही स्वतः किती झोपता?”

तिने छकुलीचं दुपटं सारखं केलं.

“आणखी उतरलं तर दाखल करावं लागेल,” बाई म्हणाल्या.

घरी येताच तिने साहेबीणबाईंना फोन लावला.

“रजा? आत्ता? अगं, तू आमची सगळ्यात जलद आहेस. बाळंतपणाहून आलीस तेव्हा प्रत्येक ओळ तीनदा वाचायचीस. शंकासूर म्हणायचो आम्ही तुला.”

“छकुलीचं वजन उतरतंय, मॅडम.”

“पाळणा दिलाय ना कंपनीने?”

“आहे. झुलवतो, तिचा श्वाससुद्धा मोजतो.”

“मग? तोही आता मुकादमाच्याच हाती दिलाय. तुझं लक्ष कामात राहावं म्हणूनच ना! महिनाअखेर होऊ दे, मग बघू.”

तिने फोन ठेवला. बाळाला आईच्या मनातलं कळतं म्हणतात. आपल्याच जिवाची घालमेल हिला झोपू देत नसेल, असं तिला वाटून गेलं. ती पाळण्याकडे बघत राहिली. पाळणा हलकेच झुलत होता.

सकाळी सासूबाईंनी छकुलीला दुपट्यात गुंडाळलं. “मी हिला घेऊन बागेत बसते. तू एकदा निवांत काम कर.”

दार लागलं. घर इतकं शांत झालं की तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सवयीने बोट ‘मंजूर’कडे गेलं, आणि थांबलं. घाई कसली होती? पाळणा रिकामा होता.

ती वाचू लागली.

एका म्हाताऱ्याचं हृदयाचं औषध बंद करायचं होतं. कारण: फोन उचलत नाहीत. तिने ‘नामंजूर’ दाबलं. फोन उचलत नाही म्हणून औषध बंद? अशी किती गेली असतील आपल्या बोटाखालून? रडं ऐकत, पाठ फिरवत?

आता एकही ओळ सोडायची नाही, असं तिने ठरवलं. रांगेतलं पुढचं काम दोनच ओळींचं होतं. रोज सकाळी पहिल्या गठ्ठ्यात येणारं, म्हणून ओळखीचं. आजवर कधी उघडलेलं नव्हतं. तिने उघडलं.

‘काम साचल्यास, बाळ गाढ झोपेत असताना पाळण्याला एक हिसका देणे. हेतू: मंजुरीला लागणारा वेळ कमी करणे. परिणाम: उत्तम.’

खाली आधीच्या परवानग्या होत्या, रविवार सोडून रोजच्या. प्रत्येकीपुढे तिचं नाव होतं.