रुमालाखालचा सौदा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रतिलालशेठनी रुमाल पसरला आणि हिंमतराव मुकादमांचा हात त्याखाली ओढून घेतला. बघणाऱ्यांना वाटलं, मुकादम अखेर मनात भरलेल्या त्या पांढऱ्या घोडीचा सौदा करतायत. या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची जितकी बोटं धराल, तितके शेकडे.

सौदा घोडीचा नव्हताच. जिनिंगच्या कामगारांनी पगारातून थोडं थोडं कापून म्हातारपणासाठी फंड उभा केला होता आणि त्यावर पंच म्हणून हिंमतरावांना बसवलं होतं. पैसा पोस्टात सुखात होता. शेठना तो आपल्या नव्या तेलगिरणीत हवा होता. गिरणीची चिमणी झोकात उभी होती. बॉयलर मात्र दोन वर्षं नुसता ‘येतोच आहे’.

"व्याज पोस्टना दुप्पट!" शेठ मोठ्यानं म्हणाले. "सही तेवढी तुमनी पाहिजे." आणि रुमालाखाली त्यांनी हिंमतरावांची पाचही बोटं घट्ट धरली. हे पाचशे फंडाचे नव्हेत, खास हिंमतरावांचे.

घोडीची किंमत नेमकी तेवढीच होती. त्यात घोडीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मुकादम पाघळलेच.

"दादा, घोडी लिधी का?" मागून भिकुबाई ओरडली. जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात तिचा जन्म गेला होता. येत्या होळीला ती त्या फंडाच्या भरवशावर घरी बसणार होती. आणि दादांना घोडी मिळतेय म्हणून बाई अशी हरखली होती, की हिंमतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी आपला हात सोडवला, भिकुबाईचं मनगट धरलं आणि तिचा हात रुमालाखाली सरकवला.

"शेठ, मी नुसता राखणदार. पैसासनी मालकीण हाई शे. जे माले सांगं, ते आते हिले सांगा."

माणसं गोळा झाली. बाईमाणूस सौद्याला उभं राहिलेलं त्या बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत शेठना घाम फुटला.

"लाजू नको रे भाऊ, मायना हात शे," भिकुबाईनं त्यांना धीर दिला. बराच वेळ वाट पाहिली. मग वैतागून ती हिंमतरावांकडे वळली.

"दादा, हाऊ त मन्हं एक बी बोट धरी नही ऱ्हायना!"