बुजवलेली खिडकी

दुबईहून माझ्या मुलानं, अरबाजनं, प्रवासी जंबो विमानाचं प्लास्टिकचं किट पाठवलं. मी तिथं जन्मभर विमानांत माल चढवलेला माणूस. मला मालवाहूच हवं होतं. पनवेलच्या बाजारातून भोकं बुजवायची सुतारकामाची लांबी आणली, एकेक खिडकी भरली आणि पॉलिश पेपरनं घासली.

सकाळी पंखामागची एक खिडकी उघडी. लांबीचा गोळा बाहेर पडलेला.

पुन्हा भरली. पुन्हा तीच उघडी. गोळा उचलून पाहिला, तर आतल्या बाजूला नखांचे ओरखडे.

"अब्बा, राहू द्या ना ती एक," सून आसिया म्हणाली. "शुक्रवारी अरबाज यायचाय, त्यालाच विचारा."

"मालवाहूला खिडकी नसते!" मी चिडलो. लांबीत पक्का गोंद कालवला आणि ते भोक कायमचं बंद केलं.

शुक्रवारी खिडकी बंदच होती. मी खुशीत रंगाचा डबा उघडला, तोच फोन वाजला. सहार विमानतळावरून आसिया रडत होती.

"अब्बा, सगळे बाहेर आले. विमान रिकामं झालं म्हणतात. अरबाज दुबईला चढला होता, पण उतरलाच नाही."

एका कानाशी तिचं रडणं होतं. दुसऱ्या कानाशी मी विमान धरलं.

आत नखं घासत होती. आता अगदी हळू.