बाळंतशेपा

बाळांसाठी दूध बनवणाऱ्या कारखान्यात हर्षलाच्या पडद्यावर एकाच बाळासाठी त्याच्या आईच्या दुधाची कृती उघडी होती. पहिला आठवडा अंगावर पाजून आई आजारी पडली होती. तिच्या बाळंतपणाआधीच्या रक्तावरून यंत्रानं साखर, स्निग्धांश, तापमान सगळं बिनचूक भरलं होतं. तरी बाळ तोंड फिरवत होतं.

हर्षलानं बाळाच्या वडिलांना फोन लावला. "बाळंतपणानंतर वहिनी जेवून झालं की काय चघळायच्या?"

"बाळंतशेपा. माझ्या आईनं डबाच भरून दिला होता."

अंगावरच्या दुधात त्यांचा वास उतरला असणार, पण बाळंतपणाआधीच्या रक्तात त्यांचा मागमूस असणं शक्यच नव्हतं. तिनं कृतीत बाळंतशेपांचा अर्क घातला आणि टाकी पुन्हा सुरू केली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "ऐका," म्हणत त्यांनी फोन बाळाजवळ धरला. बाळ चुटूचुटू पीत होतं. बाटली संपेपर्यंत हर्षलानंही फोन ठेवला नाही.