टोकं जुळेपर्यंत

“उष्णता कुठून कुठे जाते?” आक्काने विचारलं आणि पाऊल उचललं.

चादरीची पलीकडची दोन टोकं मॅट्रिकच्या हातात होती. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची: ताणायची, लांबीत दुमडायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकं जुळवायची. तीन-तीन पावलं. प्रश्न पहिल्या पावलाला, उत्तर टोकं जुळायच्या आत. दोन वर्षं हाच नियम. सातवीपर्यंत शिकलेली इस्त्रीवाली सकाळी पुस्तकातली प्रश्नोत्तरं वाचून दाखवी. आक्काला अक्षर येत नसे, पण एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. ‘मॅट्रिक’ हे नावही या दोघींनीच ठेवलेलं. चाळिशीत दहावीला बसणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

टोकं जुळली.

“थंडाकडून गरमाकडे,” मॅट्रिक म्हणाली.

“झालं!” इस्त्रीवाली हसली. “आता हिच्या घरी बर्फावर चहा उकळणार.”

आक्का हसली नाही. घडी ढिगावर ठेवून तिने ड्रायरमधून दुसरी गरम चादर ओढली.

“पाण्याचं सूत्र?”

“सी ओ टू.”

“अगं, परवा तर घडाघडा सांगत होतीस!” इस्त्रीवाली म्हणाली. “सोमवारी पेपर आहे ना तुझा?”

“डोक्यात राहत नाही. जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी प्रश्न कोण विचारणार?” आक्काने कोपऱ्याकडे मान वळवली. “ते?”

कोपऱ्यात प्लॅस्टिकात गुंडाळलेलं यंत्र उभं होतं. इस्त्री आणि घडी, दोन्ही करणारं. त्याच्या वर भिंतीवर कालपासून एक कागद होता. यंत्र चालवायला एकच बाई राहील, तीही दहावी पास. बाकीच्यांचं काम दहावीचा निकाल लागेल त्या महिन्यापर्यंतच. तो कागद मॅट्रिकनेच दोघींना मोठ्याने वाचून दाखवला होता.

आक्का चादर तशीच धरून तिच्याजवळ आली.

“उत्तर येत नसलं की तू कोपरा चुरगळतेस,” ती हळू आवाजात म्हणाली. “दोन वर्षं बघतेय. आज एकही कोपरा चुरगळला नाहीस.”

मॅट्रिकने ढिगावरच्या घडीकडे पाहिलं. चादरीचे कोपरे काटेकोर जुळलेले होते.

“आक्का, मी पास झाले तर तुम्ही दोघी…”

“आणि नापास झालीस तर आम्ही राहतोय का? बाहेरची कोणीतरी येईल आणि बटण दाबेल. आम्ही काय इतके दिवस तिच्यासाठी घसा सुकवला?”

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली.

आक्काने हातातली चादर बाजूला टाकली. ढिगावरची पहिली घडी उचलली आणि झटक्यात उलगडली. घातलेली घडी या खोलीत कधी कोणी मोडत नसे. दोन टोकं तिने मॅट्रिकच्या हातात दिली आणि उलट पावली मागे गेली. चादर ताणली गेली.

“उष्णता कुठून कुठे जाते?”

मॅट्रिकने पाऊल उचललं. “गरमाकडून थंडाकडे.”

“कुठवर?”

“दोन्ही सारखे होईपर्यंत.”

“आणि मग?”

“मग थांबते.”

टोकं जुळली. आक्काने आपल्याकडची दोन्ही टोकं एकेक करून तिच्या बोटांत नीट धरायला दिली आणि स्वतःचे हात काढून घेतले.

चादर एव्हाना गार झाली होती.