कडेवरचा डाग

निजाम गेला तरी लग्नात सुनेला चारमिनारचा रुपयाच द्यायचे. त्याला गळ्यात घालायची कडी लावायला सोजरा सासूसोबत हुमनाबादला शंकरप्पा सोनाराकडे आली. मुलाचं पहिलंच लग्न, असं सांगून तिची सोयरीक झाली होती.

सोनाराने रुपया उन्हात धरला. "याला आधी कडी होती की."

"काय बी बोलायलाव, अण्णा. टांकसाळीतच तसा निघाला आसंल," सासू म्हणाली.

"टांकसाळीची खोट अक्षरासंगंच उमटती, अक्का. हितं अक्षरावर कडी जोडल्याला डाख चढलाय. कुणीतरी गळ्यात घातलेला हाय. पर जास्ती दिवस न्हाई, झिजलाच न्हाई."

सासूने रुपया परत घ्यायला हात पुढे केला.

"आत्याबाई," सोजराने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"