पाठमोरी

सुट्टीत कॉलेजची मुलं शाळेत शिकवायला यायची आणि शिपाईकाका वर्ग उघडून दारातच रेंगाळायचे. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. त्या दिवशी एक मुलगा वाचताना अडला. शिकवणारी ताई त्याच्यावर वाकली, "सांग ना, सोप्पं आहे!" मुलाचे कान लाल झाले. त्याने पुस्तक मिटलं. "उद्यापासून नाही येणार." ताईचा चेहरा पडला. काका दारातून म्हणाले, "ताई, पाठ फिरवा आणि फळा पुसा." "पुसलेलाच आहे, काका!" "तरी पुसा." ती पुसत राहिली. बऱ्याच वेळाने मागे पुस्तक उघडल्याचा आवाज आला. मग, "झाडावर... पाखरू... बसलं." ताई आनंदाने ओरडलीच. "काका, ही युक्ती कुणाची?" "आमच्या हिची," काका म्हणाले. "चाळिशीत मला वाचायला शिकवलं तिने. मी अडलो, की पाठ फिरवून घासलेलीच भांडी घासत बसायची. एकदाही वळली नाही."