दोघींचा चेहरा

पुण्याच्या डॉक्टरांनी शाल्मलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मापं घेतली आणि कागद बाजूला सारला.

"चेहरा अगदी प्रमाणात आहे तुमचा. नाक बदलायचं कशाला?"

"माझी जुळी बहीण गेली, वर्ष झालं. आम्ही हुबेहूब सारख्या होतो. आई आता माझ्याकडे बघतच नाही. मी समोर आले की उठून जाते. थोडी वेगळी दिसले, तर बघेल."

डॉक्टरांनी तिला दोन महिने विचार करायला सांगितलं. ती दोन महिने थांबली आणि पुन्हा आली. ट्रेनिंग आहे असं घरी सांगून तिने ऑपरेशन करून घेतलं.

सूज उतरल्यावर ती मिरजेला परतली, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. या वेळी आई उठून गेली नाही. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. शाल्मलीच्या जिवात जीव आला.

"हे काय केलंस गं?"

"मला बघून तुला मृण्मयी आठवायची ना? म्हणून."

"जागेपणी बघवत नव्हतं," आई हळू आवाजात म्हणाली. "पण रोज पहाटे तू झोपेत असताना उशाशी येऊन बसायचे मी. तेवढीच तिची भेट व्हायची."

आईने पदराला हात पुसले, शाल्मलीच्या नव्या नाकावरून हलकेच बोट फिरवलं आणि विचारलं, "फार दुखलं का?"